पंखा कमी कर

मिल्या, तुझी प्रज्ञा परवा संध्याकाळी वर आली होती. नवव्या मजल्यावर, माझ्या दारात, हातात वही घेऊन. म्हणाली, "सुनीलकाका, बाबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. तुम्ही सभेत बोललात ना, तेच लिहून द्या. आणि बाबांचं ते शेवटचं वाक्य मागच्या कव्हरवर घेणार आहोत. मोठ्या अक्षरांत."

मी म्हणालो, "हो हो, घे की." मग दार लावलं, बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी तसाच उभा राहिलो.

कारण ते वाक्य तुझं नाही. माझं आहे. तू गेलास तेव्हा मी तुझ्याजवळ नव्हतो. त्याच्या आदल्या दिवशी नव्हतो, त्याच्या आदल्या आठवड्यातही नव्हतो.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगतो. तुला माहीत आहे, मला मधे जरा श्वास घेऊ दिला की मी गोष्ट फिरवतो. म्हणून न थांबता लिहितोय. सरळ लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे हात सैल सुटला तर समजून घे.

पुस्तिका वाचणाऱ्यांत तुला न ओळखणारं कोणी असेल असं वाटत नाही. अख्ख्या परळमध्ये अशी तीन माणसं निघतील, त्यातली दोन परवाच भाड्याने राहायला आलेली. तरी त्यांच्यासाठी सांगतो. तू लिफ्ट दुरुस्त करायचास. तुझे वडील ज्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभे असायचे, तिच्याच जमिनीवर जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या लिफ्ट तुझ्या हाताखाली. "बाप आयुष्यभर तळमजल्यावर, मी रोज चाळिसाव्या मजल्यावर," म्हणायचास. "प्रगती प्रगती म्हणतात ती हीच रे सुन्या. संध्याकाळी दोघं खालीच येतो, ते सोड."

आणि तुझा तो सल्ला. एकच सल्ला, पण तू तो तापापासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर दिलास. "लिफ्ट अडकली ना, की माणूस पहिली दहा मिनिटं घंटा वाजवत नाही. का सांग? लाज वाटते. आरशात बघतो, भांग सारखा करतो, मोबाइल काढून उगाच बोटं फिरवतो. जसं काही आपण मुद्दामच थांबलोय इथे. मग घाम फुटला की घंटेवर बसतो. अरे, अडकलास ना? मग आधी घंटा वाजव!"

आपल्या बिल्डिंगमधला एक जण, नाव नको, आता मोठा साहेब आहे, नोकरी गेल्यावर दोन महिने रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि दादरला मैदानाच्या कट्ट्यावर बसून खायचा. तुला ते कळलं. तू तिथे गेलास, त्याच्या शेजारी बसलास, त्याच्या डब्यातली अर्धी पोळी खाल्लीस आणि म्हणालास, "भेंडी झकास झालीय. घंटा कधी वाजवतोयस?" त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. आजही आपल्याकडे कोणाचा चेहरा पडलेला दिसला की माणसं विचारतात, घंटा वाजवलीस का?

मी मात्र कधी वाजवली नाही. माझ्यासाठी तुझी वेगळी सोय होती. ती म्हणजे तुझा उजवा कान.

लिफ्ट प्रमाणाबाहेर वेगाने सुटली की तिला धरून ठेवणारं एक यंत्र असतं, त्याला तुम्ही लोक गव्हर्नर म्हणता. तू म्हणायचास, "राज्याचा गव्हर्नर कोणी का असेना, सुन्याचा गव्हर्नर मी." चाळीच्या दिवसांपासून कुठलाही कार्यक्रम असो, बारसं, निरोप समारंभ, शोकसभा, मी माइकवर आणि तू पहिल्या रांगेत. माझी गाडी फार सुटली की तू उजव्या कानाची पाळी हळूच ओढायचास. बाकी कोणाच्या ध्यानात यायचं नाही. मी आमच्या गावच्या विहिरीतली मगर सांगायला लागलो, की तुझा एक कान, मगरीची घोरपड. दुसऱ्यांदा कान, घोरपडीचा सरडा. तिसऱ्यांदा ओढलास की मी म्हणायचो, "मंडळी, विहीर मात्र होती हं."

चाळीस वर्षं माझं खोटं तू असं मापात ठेवलंस. लोक म्हणायचे, सुनील काय रंगवून सांगतो! कोणाला ठाऊक होतं की माझ्या गोष्टीची कात्री तुझ्या कानाला टांगलेली आहे.

फक्त एका गोष्टीला तू कधी कान ओढला नाहीस. सोनूआजीच्या लिफ्टच्या गोष्टीला.

ती घडली तशी आज पहिल्यांदा लिहितो. चाळ पाडून नवी बिल्डिंग झाली, आपण सगळे परत राहायला आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सोनूआजी, वय चौऱ्याऐंशी, लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकल्या. आतून नुसता "आई गं, आई गं" असा आवाज. वरच्या मशीनच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी दादरला भाजी घ्यायला. तू तुझी ती तिकोनी चावी काढलीस, पाचव्या मजल्याचं दार उघडलंस, त्या काळोख्या विहिरीत डब्याच्या टपावर उतरलास आणि वरचं झाकण उघडून आत गेलास. आजींना तू बाहेर काढलं नाहीस. काढण्यासारखं नव्हतंच. तू त्यांच्या शेजारी खाली मांडी घालून बसलास आणि सव्वा तास त्यांना हसवत ठेवलंस. वीज आली, दार उघडलं, तेव्हा आजी तुला म्हणत होत्या, "मेल्या, पोट दुखलं माझं, पुरे आता."

मी काय करत होतो? मी पाचव्या मजल्यावर बॅटरी धरून उभा होतो. तीही उलटी. उजेड माझ्याच तोंडावर पडत होता.

पहिल्या वर्षी मी सांगायचो, मिल्याने उडी मारली, मी बॅटरी धरली. दुसऱ्या वर्षी, आम्ही उडी मारली. मग आजी गेल्या. आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी तुझ्या हातात गेली. पुढे तर मी आजींना पाठुंगळीला घेऊन लोखंडी दोरावरून चढायला लागलो, खाली अग्निशामक दलाचे जवान टाळ्या वाजवतायत, त्यातला एक रडतोय. मी दर वेळी तुझ्याकडे बघायचो, आता कान ओढशील, आता ओढशील. तू ओढला नाहीस. एकदा तर कोणी विचारलं, "खरं का हो?" तर तू म्हणालास, "खरं म्हणजे काय! बॅटरी मीच धरली होती ना."

अकरा वर्षं. मला वाटायचं, मिल्याला ही गोष्ट आवडते.

आणि मग प्रज्ञाचा साखरपुडा. दादरच्या हॉलमध्ये, मुलाकडची वडाळ्याची मंडळी समोर, माइक माझ्या हातात. मुलीच्या बापाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मी दोन शब्द तुझ्याबद्दल बोललो आणि दोनशे माझ्याबद्दल. सोनूआजी, लोखंडी दोर, जवान, सगळं. त्या दिवशी तर गोष्टीत मी दातांत दुसरी बॅटरीसुद्धा धरली. व्याही गमतीने तुला म्हणाले, "म्हणजे लिफ्टवाले तुम्ही, आणि उडी यांनी मारली?" सगळा हॉल हसला. प्रज्ञा हसली नाही. तिला ठाऊक होतं, आजी अडकल्या तेव्हा ती चौदा वर्षांची, जिन्यात उभी होती.

तेव्हा तू कान ओढलास.

मी पाहिलं, मिल्या. पाहिलं नाही असं आजवर स्वतःला सांगत आलो, पण पाहिलं. सगळ्या जन्मात एकदा त्या गोष्टीला तू कान ओढलास. आणि मी माइकवर काय म्हणालो? "आमच्या मिल्याच्या कानाला खाज सुटली बघा. बॅटरी धरून धरून हात अवघडला, तो मोकळा करतोय." पुन्हा हशा. तूही हसलास. तुझं ते हसणं मला अजून दिसतं. दात दिसत होते, बाकी काही हसत नव्हतं.

बाहेर चपला शोधताना तू एवढंच म्हणालास, "सुन्या, आज नको होतं रे. पोरीच्या सासरचे होते."

चूक आपली असली की मी आधी आवाज चढवतो, तुला माहीतच आहे. "मग आधीच सांगायचं होतंस! अकरा वर्षं गप्प बसलास ते काय माझ्यावर उपकार?"

"उपकार कसले?" तू म्हणालास. "तुला ती गोष्ट शोभायची. म्हणून दिली."

दिली! मी चोरली असं मला वाटत होतं आणि तू ती देऊन टाकली होतीस. मला तुझा इतका राग आला, की दुसऱ्या दिवसापासून मी लिफ्टने जाणं बंद केलं. तू सहाव्यावर, मी नवव्यावर, लिफ्टमध्ये तोंडासमोर तोंड येणार. म्हणून मी जिने चढायला लागलो. लोकांना सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघ्यांसाठी. गुडघे बोंबलत होते. तुमचा मजला आला की मी चपला हातात घ्यायचो. छप्पन्न वर्षांचा बाप्या, हातात चपला, चोरासारखा सहावा मजला ओलांडतोय. एकदा तू दारातच उभा होतास. माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलंस.

"काय रे, लिफ्ट बंद आहे?"

"व्यायाम," मी म्हटलं.

"बरं," म्हणालास. "चप्पल घालून कर. पाय जपायला हवेत या वयात."

आणि महिन्याभराने आमची ही म्हणाली, मिलिंदभाऊजींना ॲडमिट केलंय, लक्षण बरं नाही, जाऊन या. हॉस्पिटल परळमध्येच, चालत बारा मिनिटं. मी गेलो. शपथेवर सांगतो, चार वेळा गेलो. फाटकापर्यंत. आत जाऊन तुला पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते सुचेना. मला! ज्याला मगरीच्या दातांचा रंगसुद्धा सुचतो, त्याला एक वाक्य सुचेना. चौथ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "काका, पेशंट कौन है?" मी म्हटलं, "मैं ही हूँ." तो मला इमर्जन्सीकडे न्यायला लागला, तसा मी पळालो.

मग तुझा फोन आला. मी लालबागला मसाल्याच्या गल्लीत उभा होतो, वर्षाचा मसाला कुटून घ्यायला. चारी बाजूंनी डंके धाडधाड चाललेले, हवेत मिरची. तुझं नाव दिसलं आणि उचलला.

"सुन्या, कुठे आहेस?"

"गावाला रे. मालवणला. एकदम निघावं लागलं. काकांचं बरं नाही."

आणि मी शिंकलो. एक नाही, सटासट सहा. मागे डंके धाडधाड, बायका ओरडतायत, "भाऊ, माझी बेडगी वेगळी ठेवा."

तू म्हणालास, "काका मसाला कुटतायत वाटतं."

"नाही म्हणजे... शेजारी जरा..."

"बरं बरं. जप त्यांना. येताना आमसुलं आण. घरची हं, दुकानातली नको." आणि हसलास. हसताना खोकला आला, तो थांबेना, मग कोणीतरी फोन तुझ्या हातातून घेतला असावा.

मिल्या, तू घंटा वाजवली होतीस. जगाला सांगितलंस ते तू स्वतः केलंस. अडकलास आणि लाजला नाहीस. आणि मी बारा मिनिटांवर उभा राहून तुला म्हणालो, मालवणला आहे.

दुसऱ्या दिवशी मी दादरला जाऊन आमसुलं घेतली. घरी येऊन पाकिटावरचं दुकानाचं लेबल नखाने खरवडलं, निघेना, तेव्हा आमसुलं दुसऱ्या साध्या पिशवीत भरली, म्हणजे गावची वाटतील. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, गावाहून आल्यासारखं जाऊ. चार दिवसांनी तू नव्हतास.

तुझ्या जलदानविधीला खालचा हॉल भरला, बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, मग आदरांजलीला एकेक जण उठला. डबा घेऊन कट्ट्यावर बसणारा तो साहेब उठला आणि दोन वाक्यांत रडून खाली बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो. ठरवून काही उठलो नव्हतो. तोंड उघडलं आणि ते आपोआप सुटलं. सांगितलं, मी रोज तुझ्या उशाशी असायचो. शेवटच्या दिवशी तू माझा हात धरलास, डोळे उघडलेस आणि म्हणालास, "सुन्या, लिफ्ट वर चाललीय. रिकामी आहे. येतोस का?"

हॉल हसला आणि रडला. एकाच वेळी दोन्ही. असं वाक्य मला जन्मात दुसरं सुचलं नसेल. व्याह्यांनी माझे हात हातात घेतले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं, तुझ्या फोटोखाली. प्रज्ञा दिवसभर ऑफिसात असायची, तिला वाटलं काका दुपारचे येऊन जात असतील. आणि तिने ते कव्हरसाठी धरलं.

काल दुपारी मी सहाव्या मजल्यावर गेलो. लिफ्टने. हातात आमसुलांची पिशवी. रेखावहिनी तुझी हत्यारं जमिनीवर मांडून फडक्याने पुसत बसल्या होत्या. ती तिकोनी चावीसुद्धा होती.

"वहिनी, ते वाक्य छापू नका."

"का हो भाऊजी? छान आहे की."

"ते मिल्याचं नाही."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. पाना पुसतच होत्या. "मीच होते ना तिथे."

मी खाली बसलो. "मग सभेत अडवलं का नाहीत मला?"

"यांनी सांगून ठेवलं होतं. दोन दिवस आधी म्हणाले, 'सुन्या सभेत उभा राहणार. आणि सांगणार, मिल्या शेवटचं माझ्याशीच बोलला. तर सांगू दे त्याला, अडवू नकोस. मला आता काही सुचत नाही. त्याचं चांगलं असेल.'"

मी विचारलं, "आणि खरं? शेवटचं?"

"खरं?" वहिनींनी पाना खाली ठेवला. "पंखा कमी कर, म्हणाले. मी कमी केला. मग झोप लागली त्यांना."

तू चिडून गेला असतास तर मला जड गेलं नसतं रे. मी त्याची गोष्ट केली असती. दोन मित्र, एक भांडण, राहिलेली भेट, लोकांनी रुमाल काढले असते. पण तू ती वाटच बंद केलीस. मी खोटं बोलणार हे तुला आधी ठाऊक, मी मालवणात नाही हे ठाऊक, मी जिने का चढतो हे ठाऊक, आणि वरून तुझं मरणसुद्धा तू मला देऊन टाकलंस, सोनूआजीच्या लिफ्टसारखं. शोभतं म्हणून. या वेळी मी ते घेणार नाही. घेतलं तर मी कशानेच थांबणार नाही.

तेव्हा वडाळ्याच्या मंडळींनी वाचावं: सोनूआजींसाठी लिफ्टच्या विहिरीत उतरला तो मिलिंद. बॅटरी मी धरली होती. जवान कोणी आले नव्हते. आणि प्रज्ञा, मागच्या कव्हरवर घ्यायचंच असेल तर बाबांचं खरं वाक्य घे. आईला विचार, तिने ऐकलंय. मोठ्या अक्षरांत घे.

आमसुलं मी वहिनींपुढे ठेवली. म्हटलं, "घरची नाहीत. दादरची आहेत."

"असू देत," म्हणाल्या. "सोलकढी तशीच होते."

आणखी एक राहिलं. हे मी वहिनींनाही सांगितलेलं नाही, इथे वाचतील तेव्हा कळेल. सभेत त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तू बसायचास त्या खुर्चीवर. मी म्हटलं, "लिफ्ट वर चाललीय," आणि त्यांचा उजवा हात वर आला. कानापर्यंत आला. तिथे क्षणभर थांबला. मग त्यांनी त्याच हाताने पदर सारखा केला.

आणि मी मनात म्हटलं, सुटलो.